न आलेलं भाडं

पेन्शन कापतील तुमची, असं जिन्सीतले दोन-चार जण सांगून गेले.
समोरचे गुप्ताजी तर म्हणाले, "बहनजी, नगद लो, लिखना क्या!"
ऐकून घेतलं.
चौतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
लोकांच्या पेन्शनच्या फायली सोडवल्यात मी.
सेवापुस्तकातल्या खाडाखोडीवर नख फिरवलं
की शाई कुठल्या सालची ते कळायचं.
मला हे सांगणार!

पेन्शन कापत नाहीत.
ती गुपचूप खात्यात येते,
वरच्या खोल्यांत कोण राहतं, तिला ठाऊक नसतं.
फक्त मार्च सरला की भाडं
तिच्या शेजारी जाऊन बसतं
आणि दोघांची बेरीज होते.
एवढंच.
पण नुसत्या पेन्शनवर मी रेषेच्या अलीकडे होते.

तीन खोल्या, एक मोरी, तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड.
पहिलीत रजनी कुशवाह, जयारोग्यमध्ये नर्स;
रात्रपाळीहून आली की चपला हातात घेऊन जिना चढते.
मधलीत भिंडच्या दोघी मावसबहिणी,
पटवारीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेल्या.
कोपऱ्यात सबलगढचा रामवरण सिकरवार,
पहाटे चारला कंपूच्या मैदानावर धावायला जातो.
फौजेत जायचंय. छाती दीड सेंटिमीटर कमी भरते.

कायदा एका जागी भलताच मायाळू आहे.
महापालिकेचा कर वजा करा म्हणतो,
मग उरलेल्यातले तीस टक्के
आपणहून सोडून देतो, डागडुजीचे,
चुन्याचं बिल मागत नाही, गवंड्याचं नाव विचारत नाही.
घर झिजतं, हे त्यानं धरूनच ठेवलंय.
पेन्शनीतूनही सोडतात काहीतरी,
पण ते सगळ्यांना सारखं.
गुडघे कुणाचे किती गेले, तो रकाना नाही.

डिसेंबरात रामवरणचे वडील ट्रॅक्टरवरून पडले.
रजनीनं खाट मिळवून दिली, हाडांच्या वॉर्डात, खिडकीजवळ.
डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी
भाडं आलं नाही.
मी मागितलं नाही.
तो न सांगता टाकी भरायला लागला.
संक्रांतीला मुरैन्याची गजक ठेवून गेला ओट्यावर,
वर्तमानपत्रात बांधलेली, एक कोपरा फुटलेला.

जुलैत विवरण भरायला बसले.
न मिळालेलं भाडं वजा करता येतं.
नियम मला तोंडपाठ आहे:
भाडेकरूनं खोली सोडलेली हवी,
नाहीतर त्याला बाहेर काढायची पावलं उचललेली हवीत.
कोर्टात गेलेलं हवं,
नाहीतर जाऊन उपयोग नव्हता, हे पटवता यायला हवं.
मी काय पटवणार?
त्याचे बूट जिन्याखाली वाळत होते,
एकाची लेस तुटलेली.

बारा महिन्यांचं भाडं लिहिलं. पूर्ण.
तीन हजार त्रिक नऊ, त्यातले तीस टक्के गेले,
वीस टक्क्यांची पायरी, वर उपकर:
तेराशे दहा रुपये,
जे माझ्या हातात कधी आलेच नाहीत
त्यांच्यावर.
ऑफिसात असते तर समासात लाल शाईनं विचारलं असतं,
'वसुलीचे प्रयत्न?'
आणि खाली सही केली असती, प्र. चिंचणकर,
चिं-वरचा टिंब ठसठशीत.

गुप्ताजींना सांगितलं नाही.
हसले असते, आणि बरोबरच हसले असते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
बँकेतल्या यंत्राला माझा अंगठा ओळखू येईना,
भांडी घासून रेघा गेल्यात.
रामवरणनं घरीच मोबाईल धरला समोर,
हात लांब करून, धाप दाबत, नुकताच धावून आलेला.
"पलक झपकाइए, आंटी."
मी डोळे मिटले.
उघडले.
"हो गया. आप ज़िंदा हैं."
आणि टाकी भरली का बघायला वर गेला.